पावलांची निगा

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. शरीरातील एकूण हाडांपैकी सुमारे चौथा हिस्सा दोन पावलांत सामावलेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. उभे राहिले असता शरीराचा भार टाच आणि चवडा यांवर विभागला जातो. चालताना मधली कमान किंचित दबते आणि पुन्हा उचलली जाते. ही रचना आयुष्यभर हजारो कोसांची वाटचाल सहन करते. परंतु तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. हाताला झालेली जखम दिवसातून अनेकदा नजरेस पडते. तळव्याची जखम मात्र पाय मुद्दाम उचलून पाहिल्यावाचून दिसत नाही. तिची वार्ता देणारा एकच दूत आहे, तो म्हणजे वेदना. म्हणून पावलांच्या विकारांचा विचार करताना दुखणारे पाऊल आणि न दुखणारे पाऊल असे दोन भाग करणे सोयीचे ठरते.

नेहमीचे विकार

दुखणाऱ्या पावलाचे विकार बहुधा साधे असतात. जेथे सतत घासले किंवा दाबले जाते, तेथे त्वचा स्वसंरक्षणार्थ जाड होते. असा पसरट जाड थर म्हणजे घट्टा. हाच दाब एका बिंदूवर एकवटला की त्वचेचा खुंटीसारखा कठीण भाग आत रुतू लागतो. त्याला कुरूप म्हणतात. कुरुपाला ‘मूळ’ असते आणि ते उपटले की कुरूप जाते, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही. कुरुपाचे कारण त्वचेत नसून बाहेरच्या दाबात असते. अरुंद जोडा किंवा वाकडे झालेले बोट तसेच राहिले, तर काढलेले कुरूप पुन्हा उद्भवते. तळव्यावर होणारा चामखीळ पुष्कळदा कुरुपासारखाच दिसतो, परंतु तो विषाणूंमुळे होतो. सरळ दाबल्यावर अधिक दुखते ते प्रायः कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर अधिक दुखतो तो प्रायः चामखीळ, अशी साधारण खूण सांगता येते.

पावसाळ्यात भातखाचरांतून काम करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तेथील त्वचा पांढरी पडून सोलते आणि खाजते. ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीचा यात मोठा वाटा असतो. पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणे हा अर्धा उपचार होय. उरलेला अर्धा बुरशीनाशक मलमाचा. खाज थांबताच मलम बंद केल्यास विकार उलटतो. याउलट टाचांच्या भेगा, म्हणजेच जळवात, कोरडेपणामुळे पडतात. कोकणात त्यांवर कोकमतेल लावण्याची जुनी चाल आहे आणि ती सयुक्तिक आहे, कारण स्निग्ध पदार्थांमुळे त्वचेतील ओलावा टिकतो.

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते आणि थोडे चालल्यावर ती कमी होते, ही तक्रार मध्यम वयात सामान्य आहे. टाचेपासून बोटांपर्यंत पसरलेला तंतुमय पट्टा ताणला गेल्याने असे होते. क्ष-किरण चित्रात टाचेचे वाढलेले हाड दिसले की रोगी घाबरतो; परंतु असे हाड कसलीही तक्रार नसलेल्या पुष्कळांतही आढळते. पोटऱ्या व तळवे ताणण्याचा नियमित व्यायाम, मऊ टाचेची पादत्राणे आणि धीर यांच्या योगाने बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेविना बरे होते.

वेल्लोरचा धडा

न दुखणाऱ्या पावलाचे शास्त्र फार मोठ्या प्रमाणात भारतातच घडले. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यविशारद म्हणून आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगामुळेच सडून गळतात, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. ब्रँड आणि त्यांचे सहकारी यांनी जखमांचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा निराळेच चित्र दिसू लागले. कुष्ठरोगाने मज्जातंतू निकामी होतात आणि संवेदना जाते. मग रोगी तापलेले भांडे उचलतो, खिळा रुतलेल्या पायाने दिवसभर चालतो, फोड आला तरी पाऊल बदलून टाकत नाही. निरोगी मनुष्य दगड टोचताच नकळत लंगडतो आणि ते लंगडणेच त्याचे पाऊल वाचवते. रोग्याचे मांस इतरांप्रमाणेच भरून येत होते; मात्र त्यासाठी लागणारी विश्रांती वेदनेअभावी त्याला मिळत नव्हती.

या निष्कर्षाने उपचारांची दिशा बदलली. तळव्यावरच्या जखमेला मलमापेक्षा भारमुक्तीची गरज अधिक असते, हे ध्यानी आले. पावलाला सर्व बाजूंनी चिकटून बसणारा प्लास्टरचा साचा घातला की भार संपूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो आणि महिनोन्महिने न भरलेली जखम भरू लागते. जखम पुन्हा होऊ नये म्हणून सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला तयार झाल्या. तसल्या चपला राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमातून गरजूंना पुरवल्या जातात. ब्रँड १९६६ साली अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले आणि हेच ज्ञान तेथे मधुमेह्यांच्या पावलांसाठी वापरले गेले.

मधुमेह आणि पाऊल

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने मज्जातंतूंना इजा होते आणि सर्वांत लांब तंतूंना, म्हणजे पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या तंतूंना, ती आधी पोहोचते. प्रथम मुंग्या येतात किंवा आग होते. पुढे पाऊल बधिर होते. रोग्याला वाटते, दुखणे गेले. वस्तुतः गेलेला असतो तो पहारेकरी. घाम न आल्याने त्वचा कोरडी पडून भेगाळते, रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने जखमेला रक्तपुरवठा कमी पडतो आणि साध्या फोडातून शिरलेला जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. पाय कापण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत आरंभ अशा क्षुल्लक जखमेनेच झालेला असतो.

म्हणून मधुमेह्याने रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात पाहावेत. पाय उचलणे जमत नसल्यास जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातील माणसाची मदत घ्यावी. पादत्राण घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा अगर खिळा नाही ना, हे पाहावे. पाण्याची उष्णता पायाने नव्हे, तर कोपराने अजमावावी. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. कुरुपावर ब्लेड चालवू नये व आम्लयुक्त पट्ट्याही लावू नयेत. उन्हाळ्यात भर दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्याने बधिर तळवे भाजतात. दर्शनाला सकाळी लवकर जाणे आणि जाड पायमोजे घालणे हा त्यावर सोपा उपाय आहे. नवे जोडे संध्याकाळी घ्यावेत, कारण त्या वेळी पाऊल किंचित सुजलेले असते.

कोणाकडे जावे

इंग्लंड-अमेरिकेत पादचिकित्सा हा स्वतंत्र व्यवसाय आहे. भारतात त्याचे शिक्षण घेतलेले चिकित्सक थोडे असून ते मुख्यत्वे मोठ्या शहरांत आढळतात. तथापि त्यांच्या अभावी उपचार अडून राहतात, असे नाही. प्रथम नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. त्वचेचा विकार असल्यास त्वचारोगतज्ज्ञ, हाडासांध्यांचा असल्यास अस्थिरोगतज्ज्ञ, बधिरता असल्यास मधुमेहाचे तज्ज्ञ आणि जखमेसोबत पाऊल थंड किंवा काळसर पडले असल्यास रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद, असा क्रम लावता येतो. विशेष पादत्राणे आणि आधारसाधने यांसाठी मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या सरकारी संस्था आहेत. जिल्हा रुग्णालयातूनही अशा ठिकाणांची माहिती मिळू शकते.

योग्य चिकित्सक ओळखण्याची कसोटी पाटीवरच्या पदव्यांपेक्षा तपासणीच्या रीतीत आहे. जो दोन्ही पायांतील जोडे-मोजे काढावयास लावतो, तळव्यावर नायलॉनचा बारीक तंतू टेकवून संवेदना अजमावतो, पावलावरील नाडी चाचपतो, जोड्याचा झिजलेला तळ पाहतो आणि साखरेची चौकशी करतो, त्याच्यावर विसंबण्यास हरकत नाही. पाऊल न पाहताच मलम लिहून देणारा किंवा बाजारात बसून वस्तऱ्याने कुरूप काढून देणारा, या दोघांपासूनही दूर राहणेच श्रेयस्कर.

काही लक्षणे दिसताच एक दिवसही वाट पाहू नये. बधिर पावलावरची कोणतीही जखम, पू अगर दुर्गंधी, काळे पडलेले बोट, किंवा एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेले असूनही न दुखणे, ही ती लक्षणे होत. शेवटच्या प्रकारात आतील हाडे मोडत असण्याचा संभव असतो आणि रोगी त्यावरूनच चालत राहतो. दुखणारे पाऊल आपल्या धन्याला स्वतःच वैद्याच्या दारी नेते. न दुखणाऱ्या पावलाला मात्र डोळ्यांनी पाहून, हातांनी चाचपून तेथवर न्यावे लागते.