लहानग्या इंजिनाचा सुटा भाग

मुलांनो, पुण्यात कोथरूड भागात आगगाड्यांच्या लहान प्रतिकृतींचे संग्रहालय आहे. रेल्वेच्या छंदापायी भाऊ जोशी यांनी ते उभारले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. खऱ्या गाड्यांप्रमाणे या गाड्याही रुळांवरून धावतात.

दौंड-मनमाड मार्गावर अहिल्यानगरला थांबणारे मोठे इंजिन बिघडले, तर रेल्वेचे कुशल कारागीर ते दुरुस्त करतात. लहान इंजिन थांबले तर? इंग्लंडमधील 'हॉर्नबी डब्लो' गाड्या १९३८ साली बाजारात आल्या. १९६४ साली त्यांचे उत्पादन थांबले. गाड्या उरल्या, पण त्यांचे सुटे भाग घडविणारा कारखाना उरला नाही.

अशा इंजिनाच्या पोटात विजेची मोटार असते. रुळांतून आलेली वीज कार्बनच्या दोन तुकड्यांवाटे, म्हणजे ब्रशांवाटे, कम्युटेटर नावाच्या तांब्याच्या गोल भागावर पोहोचते. तेथून ती तारेच्या वेटोळ्यांत जाते आणि चुंबकाशेजारी वेटोळी फिरू लागतात. घर्षणाने ब्रश झिजतात, त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग ढिली पडते. मग तांदळाएवढ्या तुकड्यापायी सारे इंजिन निर्जीव ठरते.

तरीही ते मोडीत घालण्याची घाई करू नये. प्रथम दोष कोठे आहे तो पाहावा. पुष्कळदा कम्युटेटरच्या फटींतील काळी पूड काढताच मोटार फिरते. ब्रश झिजला असेल, तर त्याची लांबी व जाडी मोजावी आणि त्याच जातीचा थोडा मोठा ब्रश घासून मापात आणावा. कमी दाबाच्या मोटारींच्या ब्रशांत बहुधा तांब्याची पूड मिसळलेली असते. म्हणून कोणताही कार्बन चालत नाही. कधी त्याच बनावटीच्या बंद पडलेल्या दुसऱ्या इंजिनातून भाग मिळतो.

वेटोळे जळले असेल, तर अहिल्यानगर जिल्ह्यात विहिरीवरच्या मोटारी भरून देणाऱ्या कारागिराची विद्या उपयोगी पडते. तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या तीच ठेवली, की वेटोळे पुन्हा भरता येते. मात्र वेटोळे बाहेर काढण्यापूर्वी चुंबकाच्या टोकांवर लोखंडी पट्टी ठेवावी. एरवी जुना चुंबक क्षीण होतो.

काढलेला झिजका भागही जपून ठेवावा. पुढच्या वेळी मापासाठी तोच कामी येतो.

स्वाध्याय
१. लहान इंजिन का थांबते?
२. ब्रश निवडताना कोणती काळजी घ्यावी?