सत्याग्रह : एक शब्दपाठ

इतिहासाच्या तासाला ‘सत्याग्रह’ हा शब्द आला म्हणजे ‘सरकारविरुद्ध केलेली चळवळ’ एवढा अर्थ सांगून पुढे जाण्याचा प्रघात आहे. मुले तो पाठ करतात. आणि मधल्या सुटीत कोणी रुसून बसला की ‘याने सत्याग्रह केला’ असेही म्हणतात. दोन्ही ठिकाणी अर्थ निसटलेला असतो. शब्द कसा घडला हे सांगितल्यास मात्र तो सातवीच्या मुलासही नीट उमगतो.

सत्तेला न जुमानण्यासाठी मराठीत बंड, पुंडावा असे जुने शब्द आहेत. ‘बंडखोर’ यातील ‘खोर’ हा फारसी प्रत्यय. त्याचा मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, चुगलखोर यांच्या पंक्तीस बसविलेला मनुष्य विचारपूस होण्यापूर्वीच दोषी ठरतो. हे शब्द बहुधा सत्ताधाऱ्याच्या तोंडचे. १८५७ चा उठाव इंग्रजांच्या लेखी शिपायांचे बंड होता. सावरकरांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यास स्वातंत्र्यसमर म्हटले.

‘सत्याग्रह’ हा शब्द लढणाऱ्यांनी स्वतः घडविला, तोही दक्षिण आफ्रिकेत. ट्रान्सवाल सरकारने १९०६ साली तेथील हिंदी लोकांवर नोंदणीची व बोटांच्या ठशांची सक्ती करणारा कायदा योजला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथे सुमारे तीन हजार हिंदी लोक जमले. हा कायदा मानावयाचा नाही आणि त्यापायी होईल ती शिक्षा भोगावयाची, अशी शपथ त्यांनी घेतली. या लढ्यास ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ हे इंग्रजी नाव चिकटले. तो दुर्बळांचा नाइलाजाचा मार्ग आहे, असा त्या नावाचा ध्वनी गांधीजींना खटकला. ‘इंडियन ओपिनियन’ पत्रातून नव्या नावासाठी बक्षीस जाहीर झाले. मगनलाल गांधी यांनी ‘सदाग्रह’ सुचविले. गांधीजींनी ते बदलून १९०८ मध्ये ‘सत्याग्रह’ केले.

येथे फळ्यावर दोन्ही संधी सोडवाव्यात : सत् + आग्रह, सत्य + आग्रह. ‘आग्रह’ या शब्दात ‘ग्रह्’ म्हणजे धरणे हा धातू आहे. निग्रह, संग्रह, अनुग्रह ही त्याचीच भावंडे. पंगतीतील आग्रह मुलांना ठाऊक असतोच : वाढणारा जिलेबीचे ताट घेऊन हटत नाही, पण पाहुण्याचे तोंड जबरदस्तीने उघडीत नाही. एवढ्या दाखल्याने निम्मे काम होते.

सत्याग्रह म्हणजे कायदेभंगच, अशी समजूत मात्र होऊ देऊ नये. शिरोड्यास १९३० साली लोकांनी मिठाचा कायदा मोडला. महाडचे तसे नाही. तेथील चवदार तळे नगरपालिकेने १९२४ साली ठरावाने सर्वांस खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा मोडली ती रूढी. आणि पाणी पिणाऱ्यांस मार खावा लागला तो गावकऱ्यांकडून. पुढे डिसेंबरात न्यायालयाचा मनाईहुकूम आला, तेव्हा तळ्यावर पुन्हा जाण्याचा बेत त्यांनी तहकूब केला.

यानंतर मधल्या सुटीतील रुसलेल्या मुलाचा प्रश्न वर्गापुढे ठेवावा : तो कशासाठी बसला आहे, आणि त्यापायी काय सोसावयास तयार आहे? मुलांचे एकमत होणार नाही. ते व्हावे अशी घाईही शिक्षकाने करू नये.