सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हिस्सा नाही का? वारसा हक्काची सोपी ओळख



जमिनीच्या बाबतीत गावात दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. एक, "सातबारा माझ्या नावावर आहे, म्हणजे जमीन माझी." दुसरं, "बहिणीचं नाव उताऱ्यावर नाही, मग तिचा काय संबंध?" दोन्ही वाक्यं कायद्याला धरून नाहीत. का नाहीत, ते आज आपण उदाहरण घेऊन समजून घेऊ.

नोंद वेगळी, मालकी वेगळी

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये कब्जेदारांची नावं आणि क्षेत्र, बारामध्ये पिकांची नोंद. हे दप्तर महसूल खात्याचं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ नुसार यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. "उलट सिद्ध होईपर्यंत" हे शब्द महत्त्वाचे आहेत. नोंद हा पुरावा आहे, पण नोंदीमुळे मालकी जन्माला येत नाही. मालकी येते खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वाटणी किंवा वारसा यांतून. शहरातलं प्रॉपर्टी कार्ड आणि ग्रामपंचायतीचा घराचा नमुना आठचा उतारा यांनाही हेच लागू.

जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तो कुटुंबाच्या वतीने उभा आहे, एकटा मालक नाही. तीन अक्षरं, पण पुढची पिढी ती वाचत नाही आणि भांडणं सुरू होतात. बहिणींची नावंही पूर्वी बऱ्याच ठिकाणी "इतर हक्क" या रकान्यात घालत. रकाना बदलल्याने हिस्सा कमी होत नाही.

हिस्सा कसा काढतात?

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही. मुस्लिमांना त्यांचा वैयक्तिक कायदा, ख्रिश्चन आणि पारशी यांना भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू होतो. खालचं गणित पहिल्या गटाचं आहे.

समजा, वडील २०१६ साली मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. जमीन २ हेक्टर ४० आर, म्हणजे २४० आर.

जमीन वडिलांनी स्वतः विकत घेतलेली असेल तर चार वारस, चार समान हिस्से. प्रत्येकी ६० आर.

जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर हिशोब दोन पायऱ्यांत करायचा. वडील वारले त्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. वडील, आई, दोन मुलगे, मुलगी असे पाच हिस्से, प्रत्येकी ४८ आर. मग वडिलांचे ४८ आर चार वारसांत वाटायचे, प्रत्येकी १२. बेरीज ४८ अधिक १२, पुन्हा ६० आरच. दोन वेगळ्या वाटांनी उत्तर एकच आलं. मात्र माणसं बदलली की हे उत्तर बदलू शकतं.

आता यात आजी जिवंत आहे असं धरा. मृत मुलाची आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे आणि लोक नेमकं तिलाच विसरतात. जमीन स्वकष्टार्जित असेल तर आता पाच हिस्से पडतील, प्रत्येकी ४८ आर. पुढे आजी मृत्युपत्राशिवाय गेली तर तिचे ४८ आर फक्त या नातवंडांकडे येत नाहीत, तिच्या इतर मुला-मुलींकडेही जातात. म्हणजे काका आणि आत्याही वारस म्हणून उभे राहतात. मधली ही एक पायरी गाळली की वीस वर्षांनी व्यवहार अडतो.

"१९९४ नंतर लग्न झालं असेल तरच मुलीला हक्क" हे अजूनही सांगितलं जातं. महाराष्ट्राने १९९४ साली तशी दुरुस्ती केली होती, हे खरं. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद झाली, लग्न कधीही झालेलं असो. त्या तारखेला वडील हयात असणंही गरजेचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात २०२० साली स्पष्ट केलं. अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने पूर्ण झालेल्या वाटणीचा.

सही करण्याआधी

माझ्या मते खरा धोका उताऱ्यात नाव नसण्यात नाही, न वाचता केलेल्या सहीत आहे. "वारस नोंदीला सही लागते, चल" असं सांगून बहिणीला नेलं जातं आणि समोर असतं हक्कसोडपत्र. वारस नोंदीने तिचं नाव लागतं, हक्कसोडपत्राने ते जातं. दोन्ही कागद अगदी उलट! हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही, फसवणूक किंवा दबाव झाला असेल तर दिवाणी न्यायालयात जाऊन सिद्ध करावं लागतं. साध्या कागदावर "मला हिस्सा नको" असं लिहून दिल्याने मात्र स्थावर मिळकतीतला हक्क सुटत नाही. ताईने मनापासून भावाला हिस्सा सोडला तर तो तिचा अधिकार आहे. फक्त किती आर सोडतोय ते तिला माहीत हवं.

मृत्युपत्राबद्दल थोडक्यात. स्वकष्टार्जित मिळकत कुणालाही देता येते, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत फक्त स्वतःचा हिस्सा. दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची नाही. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला साक्षीदार न केलेलं बरं. बँकेतला नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, वारसांचा हक्क त्याने संपत नाही.

वारस नोंद

मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची माहिती देऊन अर्ज करायचा, ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. वारसांची नोंद आधी गाव नमुना सहा-क मध्ये होते, मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटिसा जातात आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. आपलं नाव वगळलेलं दिसलं तर नोटिशीच्या मुदतीतच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. फेरफार मंजूर झाला असेल तर प्रांताकडे अपील, मुदत ६० दिवस. आणि हिस्साच मान्य नसेल तर तो वाद शेवटी दिवाणी न्यायालयात जातो. सगळ्यांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदार वाटप करून देतात.

नात्याचा पुरावा म्हणून पुष्कळदा शाळेचा निर्गम उतारा मागतात. साठीच्या पुढच्या आत्या, मावश्या त्यासाठी आमच्याकडे येतात. माहेरचं नाव रजिस्टरमध्ये एक, आधारवर सासरचं दुसरं, आणि आडनावाच्या जागी कधी गावाचं नाव! असा दाखला लागणार असेल तर येताना माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि पहिलीत दाखल झाल्याचं अंदाजे वर्ष लिहून आणा. जुनी रजिस्टरं प्रवेशाच्या क्रमाने असतात, वर्ष माहीत असलं की पान लवकर सापडतं.