रिपोर्ट निगेटिव्ह, मन मात्र मानेना

बेल्ह्याला सोमवारचा बाजार. आम्ही आरोग्याची पत्रकं घेऊन बसलो होतो. तिशीतला एक भाऊ टेबलापाशी तीनदा येऊन गेला. चौथ्यांदा आला तेव्हा त्याने पिशवीतून सात कागद काढले. सातही एचआयव्हीच्या तपासणीचे, सातही निगेटिव्ह. "ताई, मशीन चुकत असेल का हो?"

दीड वर्षापूर्वी एकदाच असुरक्षित संबंध आला होता. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आळेफाटा, नारायणगाव, पुणे अशी दर वेळी वेगळी लॅब. मजुरीचा पैसा त्यातच गेला. घरात त्याने स्वतःचं ताट वेगळं केलं होतं, लेकीला जवळ घेत नव्हता. वेगळ्या ताटाचा अर्थ आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. आम्ही त्याला पहिल्यांदा हेच सांगितलं की, तू पॉझिटिव्ह असतास तरी एका ताटात जेवून किंवा लेकीला कडेवर घेऊन हा विषाणू पसरत नाही.

आता तपासणीचं. विषाणू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. साधी तपासणी तीच शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्या काळाला 'विंडो पिरियड' म्हणतात. धोक्याच्या प्रसंगाला तीन महिने उलटल्यावर केलेली तपासणी निगेटिव्ह आली आणि मधे नवा धोका घडला नाही, तर ते उत्तर पक्कं. (प्रतिबंधक गोळ्या घेतल्या असतील तर हा हिशेब डॉक्टरांना विचारावा.) या भावाचे सातपैकी पाच रिपोर्ट तीन महिन्यांनंतरचे होते. त्यातल्या पहिल्यानेच निकाल लागला होता.

मग भीती का जात नाही? कारण ती रक्तात नसते. रिपोर्ट पाहिला की चार दिवस बरं वाटतं, पुन्हा शंका येते, पुन्हा तपासणी. खाजवल्यावर खाज वाढते, तसंच. काळजीने भूक मरते, वजन उतरतं, जुलाब होतात, झोप उडते, आणि माणूस हीच एड्सची लक्षणं समजतो. याच्या मुळाशी बहुतेकदा अपराधीपणा असतो, जो कुणाजवळ बोलता आलेला नसतो. नोकरीत असताना आम्हीही "निगेटिव्ह आहे, जा घरी" म्हणून अशांना वाटेला लावलं आहे. चूकच होती ती.

हा चिंतेचा किंवा मंत्रचळाचा आजार असू शकतो. समुपदेशन आणि गरज पडली तर औषध, दोन्हींनी तो आटोक्यात येतो. त्यासाठी मानसोपचार तज्ज्ञांकडे जायचं, आठव्या लॅबकडे नाही. टेलि-मानसचा 14416 आणि एचआयव्हीच्या माहितीसाठी 1097, दोन्ही नंबर मोफत आहेत. सरकारी आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते, समुपदेशकही असतो. 2017 च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

धोका अगदी ताजा असेल तर मात्र घरी कुढत बसू नका. 72 तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालय गाठा. 28 दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या मिळतात.

तो भाऊ आता उपचार घेतो आहे. ते सात कागद आमच्याकडेच आहेत. परवा त्याने एकदा परत मागितले, आम्ही दिले नाहीत.