बिघडलेली तंतुकणिका कोण उचलतं?

प्रश्न : माझ्या वडिलांना कंपवाताचं निदान झालंय. आमची केळी-कापसाची शेती. फवारणी त्यांनी आयुष्यभर स्वतः केली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या पेशींना खराब झालेल्या तंतुकणिका काढून टाकता आल्या नाहीत की असे आजार होतात. शेतातली डीपी जळाली की उतरवून नेतात, तसं पेशीत कोण करतं? आणि उपवासाने ही सफाई वाढते असं मोबाइलवर फिरतंय, ते खरं का? बाबा एकादशी कडक धरतात.
— एक वाचक, प्रकाशा (ता. शहादा, जि. नंदुरबार)

उत्तर : डीपी जळाली तर तक्रार आपल्याला करावी लागते. पेशीत ती तक्रार बिघडलेली तंतुकणिका स्वतःच करते, आणि हाच या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे.

तंतुकणिका पेशीसाठी ऊर्जा तयार करतात. त्यासाठी त्यांच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंना विद्युतभाराचा फरक टिकून राहावा लागतो. पेशी पिंक-१ नावाचं प्रथिन सतत बनवत असते. धडधाकट तंतुकणिका ते आत ओढून घेते, तिथे ते कापलं जातं आणि नष्ट होतं. म्हणून निरोगी तंतुकणिकेवर पिंक-१ जवळपास दिसतच नाही. पटलावरचा भार घसरला की आत ओढण्याचं बळ जातं आणि पिंक-१ बाहेरच्या पृष्ठभागावर साचू लागतं. ते पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावून कामाला लावतं. पार्किन त्या तंतुकणिकेवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या खुणा लावत सुटतं. खुणा झाल्या की दुहेरी पटलाची एक पिशवी तिला गुंडाळून घेते, ती पिशवी लयकारिका या पेशीतल्या पचनकेंद्राला जाऊन मिळते आणि तिथली विकरं तंतुकणिकेचे तुकडे करतात. सुटे झालेले घटक पेशी पुन्हा वापरते.

हे कळलं ते आजाराच्या बाजूने. १९९८ मध्ये जपानी संशोधकांना तरुणपणीच कंपवात होणाऱ्या कुटुंबांत पार्किनचं जनुक बिघडलेलं आढळलं. २००४ मध्ये अशाच दुसऱ्या कुटुंबांत पिंक-१चं. दोघांचा संबंध काय, ते फळमाशीने दाखवलं. पिंक-१ नसलेल्या माशीचे पंख नीट बसत नाहीत, उडण्याचे स्नायू झिजतात, त्या स्नायूंतल्या तंतुकणिका फुगलेल्या दिसतात. अशा माशीत जास्तीचं पार्किन घातलं की ती सावरते. उलट, पार्किन नसलेल्या माशीत पिंक-१ वाढवलं तर काही उपयोग होत नाही. म्हणजे आधी पिंक-१, मग पार्किन, हा क्रम २००६ मध्ये पक्का झाला. दोनच वर्षांनी अमेरिकेत रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेत, पेशीभर विखुरलेलं पार्किन बिघडलेल्या तंतुकणिकांवर जाऊन गोळा होताना दिसलं.

ही सफाई अडली की फटका चेतापेशींनाच जास्त का? इतर अनेक पेशी विभागतात, त्यामुळे खराब माल वाटला जातो, पातळ होतो. प्रौढ चेतापेशी विभागत नाही. साठ-सत्तर वर्षं तीच पेशी राबते. शिवाय मध्यमेंदूतल्या, डोपामिन बनवणाऱ्या ज्या काळसर पेशी कंपवातात मरतात, त्यांच्या फांद्या फार लांब आणि दाट पसरलेल्या असतात. प्रत्येक फांदीला ऊर्जा पोहोचवायची आणि खराब माल उचलायचा. पेशीतली ही ने-आण कशी चालते, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट एका सूत्रकृमीत पाहतो. हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि पारदर्शक असतो, त्यामुळे जिवंतपणीच त्याच्या चेतापेशीतली वाहतूक सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. सफाईच्याच साखळीतलं ऑप्टिन्यूरिन हे प्रथिन बिघडलं की स्नायूंचं नियंत्रण जाणारा एएलएस हा आजार होऊ शकतो. अल्झायमरमध्येही ही सफाई मंदावल्याचे पुरावे आहेत.

आता तुमच्या बाबांबद्दल. उतारवयात कंपवात होणाऱ्या बहुतेकांत पिंक-१ आणि पार्किनची जनुकं ठीक असतात. वय, इतर जनुकं आणि परिसर यांचा तो एकत्रित परिणाम असतो. फवारणीची शंका मात्र रास्त आहे. रोटेनोन हे कीटकनाशक थेट तंतुकणिकेचं काम अडवतं. पॅराक्वाट या तणनाशकामुळे पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू वाढतात. अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांच्या २०११ च्या अभ्यासात यांपैकी एखादं रसायन वापरलेल्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीच पट दिसलं. एका माणसाचा आजार कशाने झाला, हे यावरून ठरवता येत नाही. पण तुम्ही आज उघड्या हातांनी औषध कालवत असाल, तर ते आजच थांबवा. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि काम संपल्यावर साबणाने अंघोळ.

उपवासाचं म्हणाल, तर प्राण्यांवरच्या प्रयोगांत उपाशी राहिल्यावर पेशींची सर्वसाधारण सफाई वाढते, हे खरं. माणसाचा कंपवात त्याने थांबतो किंवा उतरतो, याचा पुरावा नाही. तंतुकणिका दुरुस्त करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या कॅप्सूलचा कंपवातात उपयोग होतो, याचाही पुरावा नाही. त्यावर पैसे घालू नका. एकादशीला बाबांच्या श्रद्धेचा मान राखा, पण त्या दिवशीही गोळ्या वेळेवर गेल्याच पाहिजेत. लेव्होडोपा हे कंपवाताचं नेहमीचं औषध अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

तुमच्याकडे कोणी सातपुड्यातल्या खाजकुहिलीच्या बिया सुचवतील. ते अगदीच निराधार नाही. त्या बियांत लेव्होडोपा असतं हे १९३७ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी दाखवलं, आणि मुंबईत डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कंपवाताच्या रुग्णांवर या बियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पण प्रत्येक बीमध्ये लेव्होडोपा कमी-जास्त असतं. चालू गोळ्यांवर त्याची भर पडली तर मळमळ, रक्तदाब उतरणं, भास होणं, अंगाच्या अनावर हालचाली असं काहीही होऊ शकतं. घरी वाटून देऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. बाबांना रोज चालवा, व्यायाम करू द्या. रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी मराठीतून काम करणारं पार्किन्सन्स मित्रमंडळ पुण्यात आहे, त्यांच्याशी जरूर संपर्क साधा.