आतला पत्ता, बाहेरचा पत्ता

मंडळी, समजा, आपल्या गावच्या दूध संस्थेने एक संगणक घेतला. कोणी किती दूध घातले, फॅट किती लागली, पैसे किती झाले, हा हिशेब त्यावर ठेवला. सभासदाने मोबाइलवर विचारावे, संगणकाने दाखवावे. असे मागेल त्याला पान दाखवणाऱ्या संगणकाला वेब सर्व्हर म्हणतात.

हिशेब शेजारच्या गावातून दिसतो. पुण्याहूनही दिसतो. पण संस्थेच्या कचेरीत बसलेल्या चिटणिसांना मात्र दिसत नाही! संगणक तर पलीकडच्याच टेबलावर आहे. मग असे का व्हावे?

जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. भोवती भिंत. दरवाजा एकच. दरवाजावर राखणदार. बाहेरच्यांना वाड्याचा एकच पत्ता ठाऊक. आत ओसरी, माजघर, कोठार. त्यांची माहिती आतल्यांनाच.

कचेरीतही तसेच आहे. राउटर नावाची पेटी म्हणजे दरवाजा. तिच्यातली फायरवॉल म्हणजे राखणदार. बाहेरचा पत्ता एक, पण आत प्रत्येक यंत्राला आपापला पत्ता. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो.

बाहेरून हिशेब विचारणारा आला, की त्याला सर्व्हरकडे धाडायचे, असे राउटरला सांगून ठेवलेले असते. म्हणून बाहेरच्यांचे काम होते.

चिटणीस मात्र आत बसून बाहेरचाच पत्ता घालतात. त्यांचा निरोप दरवाजापर्यंत जातो. तिथून तो वळवून पुन्हा आत आणावा लागतो. कित्येक राउटरांना हे जमत नाही. कधी निरोप वळतो, पण उत्तर दरवाजाच्या नावाने न येता सर्व्हरच्या आतल्या नावाने येते. "याला तर मी विचारलेच नव्हते," म्हणून चिटणिसांचा संगणक ते टाकून देतो.

अशा वेळी कोणी म्हणेल, "फायरवॉलच बंद करा." ते ऐकू नका. त्याने अडचण बहुधा सुटत नाही. उलट चोराला दार मोकळे होते. तो हिशेब सभासदांच्या घामाचा आहे.

मग काय करावे? आम्ही सांगतो.

१. आधी मोबाइलचे वाय-फाय बंद करा. मोबाइलच्याच इंटरनेटवर पाहा. हिशेब दिसला, तर सर्व्हर ठीक आहे.

२. कचेरीत असाल तेव्हा आतला पत्ता घाला. तो १९२.१६८.१.१० असा काहीतरी असतो. आकडे इंग्रजीत लिहा.

३. तो पत्ता राउटरमध्ये सर्व्हरसाठी राखून ठेवा. नाही तर तो कधी बदलेल, कळणार नाही.

४. काही राउटरांत लूपबॅक नावाची सोय असते. जाणत्या माणसाकडून ती चालू करून घ्या. मग आतूनही बाहेरचा पत्ता चालतो.

ओसरीवरून माजघरात जायला कोणी वेशीला वळसा घालतो का? आत आहोत, तर आतली वाट धरावी. राखणदार मात्र जागेवरच असू द्यावा.

प्रश्न :
१. वाड्याचा दरवाजा म्हणजे कोणती पेटी?
२. फायरवॉल बंद का करू नये?