पाटे काढण्याआधी

चि. बंटीस,

तुझ्या १९७६ च्या शेव्हरलेट सी-१० चे फोटो पाहिले. मागून शेपटी वर केल्यासारखी दिसते खरी. मूळ धंदा ओझ्याचा, म्हणून मागच्या पाट्यांची कमान भरल्या हौद्याच्या हिशेबाने दिलेली. रिकामी गाडी मागून उंच राहणारच. आमच्याकडे ऊसवाले पाटे वाढवून मागतात, तुला कमी करायचेत!

१९७२ पर्यंतच्या बहुतेक सी-१० ला मागे कॉइल स्प्रिंग होती. तिथे एक्सल धरायला वेगळे आर्म असतात. १९७३ पासून पाटे आले, आणि ते दोन कामं करतात: वजन पेलणं आणि एक्सल जागेवर धरणं. ॲक्सिलरेटर दाबलास की हाउसिंग उलटं फिरू बघतं, त्याला अडवणारा पाटाच. संच पातळ झाला तर पाटे इंग्रजी एस-सारखे मुरडतात आणि मागची चाकं उड्या मारतात.

हिशेब सोपा आहे. सारख्या जाडीच्या चार पाट्यांतला एक काढलास तर ताकद तीन चतुर्थांश उरते. त्याच वजनाला आधी तीन इंच दबणारी कमान आता चार इंच दबेल, म्हणजे मिळाला एक इंच आणि वर काढलेल्या पाट्याची जाडी. पण उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण एक तृतीयांशाने वाढला. पन्नास वर्षांच्या पोलादाकडून एवढं मागावं का, ते तूच ठरव. तळाचा जाड, सपाट पाटा रिकाम्या गाडीत कामच करत नसतो. तो काढून फक्त जाडीएवढीच उंची उतरते आणि ओझ्याचा आधार जातो.

हौद्यात कधी विटा-माती टाकणार असशील तर पाट्यांना हात लावू नकोस. तुझ्या गाडीत पाटे एक्सलच्या वर बसतात. फ्लिप किटने एक्सल पाट्यांच्या वर नेला की चार इंचांहून जास्त उतरते आणि संच शाबूत राहतो. मग चॅसीला वरून खाच मात्र घ्यावी लागते, नाहीतर एक्सल आपटतो. एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा घालायला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, तुझ्या गाडीत त्याने ती आणखी उंच होईल.

तरीही काढायचेच असतील तर मधला एखादा काढ. डोळ्यांचा मेन पाटा आणि त्याच्या पाठीचा दुसरा, हे दोन्ही सोडून. दोन्ही बाजूंचा तोच. चॅसी स्टँडवर, एक्सलखाली वेगळा जॅक. सेंटर बोल्ट सोडण्याआधी संच शिकंज्यात आवळून धर, कमान उसळते. बोल्ट नवा, आखूड घ्यावा लागेल. त्याचं डोकं एक्सलच्या पॅडच्या भोकात नीट बसलं की नाही ते बोटाने चाचप. यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले, तेही नवेच. शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावर शेवटचे आवळ, नाहीतर रबरी बुश पिळलेले राहतील.

मग शॉकअपची लांबी, रबरी स्टॉपरपर्यंतचं अंतर आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन मोज. क्रॉस गुरगुरला तर पाचर देऊन कोन सुधारता येतो. काढलेले पाटे डावे-उजवे अशी खूण करून तेल लावून ठेव. भंगारात देऊ नकोस, गाडी विकताना गिऱ्हाईक तेच आधी विचारेल.

ताईला नमस्कार.

तुझा मामा